आसक्ती, क्षमता, परिणामकारकता : ट्रिप्टामाइन आणि सेरोटोनिन ग्राही

प्रश्न : 'या संश्लेषित ट्रिप्टामाइनचे केआय १० नॅनोमोलर आहे, म्हणजे ते ५-एचटी२ए ग्राहीला जोरात उत्तेजित करते.' या वाक्यात 'जोरात उत्तेजित' चालेल का?

उत्तर : नाही चालणार. ट्रिप्टामाइन म्हणजे सेरोटोनिनसारखी घडण असलेले रेणू. ग्राही म्हणजे पेशीवरचे, असा रेणू धरून संदेश घेणारे प्रथिन; ५-एचटी हे सेरोटोनिनचेच छोटे नाव, आणि ५-एचटी२ए हा त्याच्या ग्राहींचा एक प्रकार. केआय हे आसक्तीचे माप, नॅनोमोलर या संहतीच्या एककात दिलेले. आकडा जितका लहान, तितका रेणू ग्राहीला घट्ट धरतो. धरल्यावर ग्राही कामाला लागतो की नाही, ते त्यातून कळत नाही. केटॅन्सेरिन या औषधाचे ५-एचटी२ए वरचे केआय मोजक्या नॅनोमोलरचे, आणि तरी ते ग्राहीला उत्तेजित न करता अडवून ठेवते. सेरोटोनिनचे नेमके उलटे आहे. केआय मोजताना ग्राहीवर आधी एक मोजता येणारा 'खूणरेणू' बसवतात आणि तपासायचा रेणू त्याला किती हटवतो ते बघतात. खूणरेणू म्हणून किरणोत्सारी केटॅन्सेरिन वापरले तर सेरोटोनिनचे केआय शेकडो नॅनोमोलर येते, पण उत्तेजनाचे १०० टक्के ज्याच्यावरून धरतात ते सेरोटोनिनच. कारण असे, की जी-प्रथिनाशी (ग्राहीचा संदेश पेशीत पुढे नेणाऱ्या प्रथिनाशी) जोडलेल्या ग्राहीला सेरोटोनिन जास्त घट्ट धरते आणि पेशीपटलात असे ग्राही थोडेच असतात. केटॅन्सेरिनला मात्र दोन्ही अवस्था सारख्याच. डीओआय हा, ग्राहीला उत्तेजित करणारा, खूणरेणू घेतला की सेरोटोनिनचा आकडा बराच खाली येतो. तेव्हा खूणरेणूचे नाव न देता केआय छापूच नये.

आयसी५० (निम्मा खूणरेणू हटवायला लागणारी संहती) म्हणजे केआय नव्हे, हेही सांगायला हवे. केडी म्हणजे खूणरेणू स्वतः निम्मे ग्राही व्यापतो ती संहती. केआय = आयसी५० ÷ (१ + खूणरेणूची संहती ÷ त्याचे केडी). आयसी५० ३० नॅनोमोलर, संहती २ आणि केडी १ असेल, तर केआय १०. हा भागाकार विसरला की आसक्ती तिपटीने कमी दिसते.

आणखी एक उत्तर : उत्तेजनाविषयी लिहायचे तर 'प्रभावी' हा शब्द टाळा, त्यात दोन गोष्टींची सरमिसळ होते. क्षमता ईसी५० वरून (निम्मा परिणाम ज्या संहतीला मिळतो तिच्यावरून; आकडा लहान, तितकी क्षमता मोठी) ठरते, परिणामकारकता ईमॅक्सवरून, म्हणजे गाठता येणाऱ्या कमाल परिणामावरून. समजा, एका ट्रिप्टामाइनचे ईसी५० ५ नॅनोमोलर व ईमॅक्स ४० टक्के, दुसऱ्याचे २०० नॅनोमोलर व ९५ टक्के. पहिल्याची क्षमता मोठी, परिणामकारकता दुसऱ्याची. ग्राहीला उत्तेजित करणारा रेणू तो अॅगोनिस्ट; पहिल्याला 'अंशतः अ‍ॅगोनिस्ट' म्हणायचे, 'दुर्बल अ‍ॅगोनिस्ट' नाही.

पण ४० टक्के हा काही त्या रेणूचा कायमचा गुण नव्हे. पेशींमध्ये ग्राही भरमसाट बसवले असतील, तर थोडे ग्राही जागे होऊनही संदेश शिगेला पोहोचतो आणि अंशतः अ‍ॅगोनिस्ट पूर्ण वाटू लागतो. कॅल्शियमचा संदेश मोजला की बीटा-अरेस्टिन (उत्तेजित ग्राहीला येऊन जोडले जाणारे दुसरे प्रथिन), त्यावरही टक्केवारी बदलते. शिवाय पेशी वाढवायच्या सीरममध्ये मुळातच सेरोटोनिन असते. डायलिसिस केलेले (लहान रेणू गाळून काढलेले) सीरम वापरले नाही, तर चाचणीआधीच ग्राही थकलेले असतात आणि ईमॅक्स चुकीचे येते.

प्रश्न : मग 'निवडक' कधी म्हणावे?

उत्तर : कोणत्या ग्राहीच्या तुलनेत, ते सांगता येईल तेव्हाच. सुमाट्रिप्टान हे अर्धशिशीवरचे औषधही संश्लेषित ट्रिप्टामाइनच. ते ५-एचटी१बी आणि ५-एचटी१डी ग्राहींना उत्तेजित करते. ५-एचटी२ए शी त्याची आसक्ती नगण्य. 'सेरोटोनिन ग्राहींवर निवडक' हे त्याचे वर्णन निरर्थक आहे, कारण सेरोटोनिनचे ग्राही १४ प्रकारचे. आणि 'निवडक' म्हणजे 'निर्धोक' असे कुठेही सुचवू नका : ५-एचटी१बी हृदयाच्या रोहिण्यांतही असतो, म्हणूनच त्या रोहिण्यांचा आजार असलेल्यांना सुमाट्रिप्टान देत नाहीत.