मदत हवी आहे: जुनी पिकअप घ्यायचीये, बोलेरो की अशोक लेलँडची दोस्त?

सासवडवरून गुलटेकडी मार्केट यार्डात अंजीर-सीताफळाचे क्रेट न्यायला सेकंडहँड पिकअप बघतोय. माल साधारण 800-900 किलो, सीझनला 1100 पर्यंत, आणि रोज पहाटे भरल्या गाडीने दिवे घाट उतरायचा, त्यामुळे ब्रेक आणि पाटे (स्प्रिंग) दणकट पाहिजेत. येताना रिकामे क्रेट नाहीतर खताच्या गोण्या. बजेट साडेचार लाख, त्यातच इन्शुरन्स, ट्रान्सफर आणि टायर पण बसवायचेत. छोटा हत्ती नको, एवढ्या वजनाला तो कमी पडतो.

आतापर्यंत तीन गाड्या बघितल्या. एकीला चालू इंजिनवर ऑइलचं झाकण काढलं तर भकाभका धूर यायला लागला, दुसरीच्या चासीला मागच्या पाट्याजवळ वेल्डिंग मारून वर ताजा काळा रंग दिलेला, ती पण सोडली. तिसरी 2018 ची बीएस4 बोलेरो पिकअप, एक लाख दहा हजार किमी, मेकॅनिक म्हणतो इंजिन चांगलंय, पण आरसीवर अजून बोजा (कर्जाची नोंद) आहे आणि मालक म्हणतो पैसे द्या मग फायनान्सची एनओसी आणतो, जे मला अजिबात पटत नाहीये. शिवाय 8 वर्षांनंतर पासिंग (आरटीओची फिटनेस तपासणी) दरवर्षी, तो खर्च वेगळाच.

तर ज्यांनी रोज घाटात लोड मारलाय त्यांनी सांगा, बोजा उतरेपर्यंत थांबून हीच घेऊ, की याच पैशात मिळाली तर अशोक लेलँड दोस्त बरी पडेल? आणि दोस्तचे पार्ट सासवड-हडपसर भागात लगेच मिळतात का?