२१४७४८३६४७ ही मूळ संख्या आहे, हे हाताने कसे ठरवले असेल?

प्रश्न (पालक, गंगापूर रोड, नाशिक):
माझी मुलगी अकरावीत आहे. २ च्या ३१ व्या घातातून १ वजा केल्यावर येणारी २१४७४८३६४७ ही संख्या मूळ असल्याचे गणितज्ञ ऑयलर यांनी १७७२ मध्ये दाखवून दिले, असे तिच्या वाचनात आले. तिचे वर्गमूळ सुमारे ४६,३४१ येते आणि त्याच्या आत जवळपास ४,८०० मूळ संख्या आहेत. मुलीने चौकटीच्या वहीत ३ पासून भागाकार मांडायला घेतले आणि २११ पर्यंत येऊन वही मिटली. ऑयलर यांनी एवढे सगळे भागाकार खरोखरच केले असतील का?

उत्तर (निवृत्त गणित शिक्षक, देवळाली कॅम्प):
नाही, आणि खरी गंमत त्यातच आहे. समजा, भ ही मूळ संख्या या संख्येला निःशेष भागते. म्हणजे २ च्या ३१ व्या घाताला भ ने भागल्यास बाकी १ उरते. फर्माच्या प्रमेयानुसार (भ − १) व्या घातालाही बाकी १ च उरते. ३१ ही स्वतः मूळ असल्यामुळे बाकी १ देणारा सर्वांत लहान घात ३१ हाच असतो, म्हणून भ − १ ला ३१ ने भाग जायलाच हवा. शिवाय भ विषम असल्याने भ − १ ला ६२ नेही भाग जातो. लहान उदाहरण घ्यायचे तर २ च्या ११ व्या घातातून १ वजा केल्यावर येणारे २०४७ पाहावे: ते २३ × ८९ आहे, आणि २३ = २२ + १, ८९ = ८८ + १.

दुसरी चाळणी अशी की भ ला ८ ने भागल्यास बाकी १ किंवा ७ च उरते, कारण २ चा ३२ वा घात हा पूर्ण वर्ग आहे आणि त्याला भ ने भागल्यास बाकी २ येते; पूर्ण वर्गाला भागून बाकी २ उरणे अशाच विषम मूळ संख्यांच्या बाबतीत शक्य असते. दोन्ही अटी एकत्र केल्या की २४८ च्या पटीत १ किंवा ६३ मिळवून येणाऱ्या संख्याच शिल्लक राहतात. वर्गमूळापर्यंत त्या ३७३ भरतात, आणि त्यांतील मूळ तेवढ्याच तपासायच्या. ऑयलर यांची दृष्टी तेव्हा जवळजवळ गेलेली होती, हेही मुलीला सांगावे. आमच्या देवळालीत कापरेकर मास्तरांनी शाळेत शिकवता शिकवता संख्यांचा असाच ध्यास घेतला होता.

उत्तर (संगणक अभियंता, सातपूर):
आज एवढेही भागाकार लागत नाहीत. ४ पासून सुरुवात करून प्रत्येक वेळी वर्ग करावा, २ वजा करावे आणि तपासायच्या संख्येने (इथे २१४७४८३६४७) भागून बाकी तेवढी ठेवावी. ३१ साठी २९ फेऱ्यांनंतर शून्य आले की संख्या मूळ. २०२४ मध्ये सापडलेल्या ४,१०,२४,३२० अंकी मूळ संख्येची खात्रीही याच कसोटीने करण्यात आली.

प्रश्नकर्ते:
सर, आपल्या चाळणीतून उतरणारी पहिली मूळ संख्या ३११ आहे, म्हणजे मुलीने २११ पर्यंत केलेले सर्व भागाकार अनावश्यक होते. हे ऐकून ती आधी रागावली, मग पुन्हा वही उघडून बसली. ३११ ने बाकी ३५ आली, १३०३ ने २२६. सध्या १४८९ चा भागाकार चालू आहे.