'जजमेंटल'ला मराठीत काय म्हणावे?

बार्देसकर:
इथे गोव्यात उपवासकाळातल्या (ईस्टरआधीच्या दिवसांतल्या) एका चिंतनवर्गासाठी दोन पानी टिपण मराठीत करतो आहे. वर्गाला डिचोली-सत्तरीकडची माणसे येतात, बेळगाव-कोल्हापुराकडून इथे स्थायिक झालेली कुटुंबेही येतात. त्यांची प्रार्थना मराठीत चालते. टिपणाचा गाभा असा, की ख्रिस्ती माणसाच्या जजमेंटल वागण्यामुळे त्याने केलेले प्रेमाचे काम समोरच्यापर्यंत पोहोचतच नाही. शिधा पोहोचतो, औषधाचे पैसे पोहोचतात, प्रेम मात्र वाटेतच राहते. अडचण 'जजमेंटल' या शब्दाची आहे. 'न्याय करणारा' म्हटले तर स्तुती होते. 'टीकाखोर' म्हटले तर तोंडाने बोलणारा तेवढा सापडतो, नजरेने माप काढणारा सुटतो. 'पूर्वग्रहदूषित'ही बसत नाही. पूर्वग्रह माहिती मिळण्याआधीचा असतो, हा माणूस अर्धी माहिती हाती धरून पूर्ण निकाल देतो. वाचताना कोणी अडखळणार नाही असा शब्द सुचवा.

कुळागर:
'दोषैकदृष्टी'. ज्याची दृष्टी फक्त दोषावर खिळते तो. शब्द घडीव आहे, अर्थ नेमका आहे. 'छिद्रान्वेषी'ही चालेल, पण त्यात मुद्दाम शोधत फिरण्याची छटा येते. 'जजमेंटल' नुसते देवनागरीत लिहून मराठी झाले असे मानू नये. शब्द हाताशी असताना उसना घेणे हा आळस आहे.

पोदेर:
कुळागरबाब, सत्तरी तालुक्यातल्या बाईला 'दोषैकदृष्टी' वाचून दाखवा आणि अर्थ विचारा. माणसे रोज वापरतात तो शब्द 'नावे ठेवणे'. कोंकणीत 'नांवां दवरप'. 'लोकांना नावे ठेवणारा ख्रिस्ती' एवढे म्हटले की वर्गातला प्रत्येक जण समजेल, आणि बहुतेकांना तो आपल्यावरच आला असे वाटेल. तेच तर हवे आहे.

पेडणेकरीण:
'नावे ठेवणे' जेवणालाही चालते, सुनेच्या साडीलाही चालते. त्यात निकालाचे वजन नाही. जजमेंटल माणूस 'भाजी खारट झाली' म्हणत नाही. तो 'ही बाई देवाला दूरची' असे ठरवतो आणि त्याप्रमाणे वागतो. तिच्या घरी नोव्हेनाची (नऊ दिवसांची) प्रार्थना ठेवत नाही, तिच्या मुलाला वेदीसेवकांत घेत नाही. हे ठरवणे शब्दात यायला हवे.

मांडवीकाठ:
आधी शुभवर्तमानातला शब्द पाहू. मत्तय 7:1 मराठी बायबलात असे आहे: 'तुमचे दोष काढण्यात येऊ नयेत म्हणून तुम्ही कोणाचे दोष काढू नका.' भाषांतरकारांनी 'न्याय करू नका' असे लिहिले नाही, आणि मला ते फार शहाणपणाचे वाटते. मराठीत न्याय ही मागण्याची गोष्ट आहे. 'कोणाचा न्याय करू नका' असे छापले की मार खाणाऱ्या बायकोला आणि मजुरी बुडालेल्या गड्याला गप्प बसवायला वचन मिळते.

मूळ ग्रीक क्रियापद 'क्रिनो'. त्याचा जुना अर्थ वेगळे करणे, निवडणे. त्यावरून ठरवणे, निकाल देणे, खटला चालवणे. 'काता' हा उपसर्ग लागला की 'काताक्रिनो' होते, म्हणजे दोषी ठरवून शिक्षा सांगणे. योहान 8 मध्ये येशू व्यभिचारात धरून आणलेल्या स्त्रीला 'मीही तुला दंड ठरवत नाही' म्हणतो तिथे हे दुसरे क्रियापद आहे. पण योहान 7:24 मध्ये तोच येशू वरवर पाहून न्याय करू नका, नीट न्याय करा, असे पहिल्याच क्रियापदाने सांगतो. म्हणजे क्रिनो सरसकट वर्ज्य नाही.

मराठीतही अगदी अशीच जोडी आहे. 'निवडणे'वरून 'निवाडा'. तांदूळ निवडतात तीच क्रिया, पुढे गावकीच्या बैठकीत गेली. म्हणून माझा शब्द 'निवाडेखोर'.

कुळागर:
'खोर' फारसी आहे. संस्कृत-प्राकृत धातूला फारसी शेपूट जोडून ग्रीकचा अर्थ लावायचा, ही कुठली रीत?

पोदेर:
भांडखोर, चहाडखोर, लाचखोर ही सगळी मराठीच आहेत. रीत वापराने पडते.

मांडवीकाठ:
आणि 'निवाडेखोर'मध्ये सवय येते. एकदा निवाडा दिला म्हणून कोणी निवाडेखोर होत नाही, भांडखोरही एका भांडणाने होत नाही.

पेडणेकरीण:
शब्द ठरवण्याआधी वर्गात कशाकशाला हा शब्द लावणार ते ठरवा, नाहीतर दोष दाखवणारी प्रत्येक आई जजमेंटल ठरेल. कॅथलिक धर्मशिक्षणग्रंथाच्या 2477व्या परिच्छेदात तीन वेगळी पापे सांगितली आहेत. पहिले, पुरेसा आधार नसताना शेजाऱ्याचा नैतिक दोष खरा धरणे, मनातल्या मनात धरला तरी. दुसरे, खरा दोष योग्य कारणाशिवाय माहीत नसलेल्यांना सांगणे. तिसरे, खोटे सांगून नाव घालवणे. बार्देसकरांची अडचण पहिल्याची आहे. त्याला मी 'उतावळा निवाडा' म्हणेन.

लगेच पुढच्या 2478मध्ये उपायही आहे, तो लोयोलाच्या इग्नाशियसचा. त्याच्या पायऱ्या अशा: शेजाऱ्याच्या बोलण्याचा वा कृतीचा चांगला अर्थ लावायला आधी तयार असणे. तसा अर्थ लागत नसेल तर त्यालाच विचारणे, 'तुला काय म्हणायचे होते?' त्याचे समजणे चुकीचे निघाले तर प्रेमाने दुरुस्त करणे. तेवढ्याने भागले नाही तर त्याला सावरणारा दुसरा योग्य मार्ग शोधणे. बहुतेक ठिकाणी दुसरी पायरीच गाळली जाते. विचारले जात नाही, थेट दुरुस्ती सुरू होते. न विचारता केलेली दुरुस्ती ऐकणाऱ्याला अपमान वाटते, आणि तो बरोबर असतो.

बार्देसकर:
हे टिपणात घेतो. गोव्यातली उदाहरणेही हवी आहेत, नावाशिवाय.

पेडणेकरीण:
दोन घ्या, कारण दोन्हींत लोकांचा निवाडा चर्चच्या नियमापेक्षा कडक आहे. घटस्फोट झालेल्या बाईने कुमगार (मिसातला ख्रिस्तप्रसाद) घेतला की बाकांवर कुजबुज होते. नियम असा की नुसत्या घटस्फोटामुळे कोणी कुमगाराला मुकत नाही. आधीचा विवाह चर्चच्या दृष्टीने टिकून असताना पुन्हा लग्न केले तर प्रश्न येतो. दुसरे, आत्महत्या. चर्चच्या 1917च्या कायदेसंहितेत जाणूनबुजून आत्महत्या करणाऱ्याला चर्चचे दफनविधी नाकारलेले होते. 1983च्या संहितेत ती तरतूद उरली नाही. तरीही त्या घरी लोक सांत्वनाला जातात आणि 'मातीला पाद्री आला होता का?' असे विचारतात. सांत्वन तिथेच संपते. त्या घरातले लोक पुढे मिसाला, म्हणजे चर्चमधल्या उपासनेला, यायचे बंद होतात, आणि मग त्याबद्दलही त्यांनाच बोल लावला जातो.

पोदेर:
तिसरे उदाहरण प्रार्थनासभेचे. 'अमक्यासाठी प्रार्थना करूया, त्याचे पिणे वाढले आहे' असे वीस जणांत सांगणे. मत्तय 18:15-17 मधला क्रम उलटा केलेला असतो. तिथे प्रथम एकट्याने एकट्याला सांगायचे. नाही ऐकले तर एक-दोघांना बरोबर न्यायचे, तेही साक्षीसाठी, दबावासाठी नव्हे. त्यानंतर मंडळीला. इथे मंडळी पहिली आणि तो माणूस शेवटी, तोही बहुतेक वेळा दुसऱ्याकडून ऐकून. प्रार्थनेला नाव लागत नाही. 'व्यसनाशी झगडणाऱ्या सर्वांसाठी' एवढे पुरते.

कुळागर:
मग सौम्यपणे दोष दाखवणेही सोडायचे? सात आध्यात्मिक दयाकृत्यांत 'पाप्याला समज देणे' आहेच. 'नावे ठेवणे', 'निवाडेखोर' असे शब्द सैल वापरले तर तेही बाद होईल. म्हणून 'दोषैकदृष्टी'तला 'एक' महत्त्वाचा आहे. दोष दिसणे वाईट नाही, तेवढाच दिसणे वाईट.

मांडवीकाठ:
हा मुद्दा पटला, शब्द नाही. पौलाच्या गलतीकरांस पत्रातले 6:1 पाहा. अपराधात सापडलेल्याला सौम्य वृत्तीने 'ताळ्यावर आणा' असे मराठीत आहे. आजच्या कानाला ते दटावणीसारखे लागते. मूळ क्रियापद 'कातार्तिझो', आणि हेच मार्क 1:19 मध्ये याकोब आणि योहान तारवात जाळी नीट करत होते तिथे आले आहे. रापणकाराला, म्हणजे किनाऱ्यावरून जाळे ओढणाऱ्या कोळ्याला, विचारा. फाटलेल्या जाळ्याच्या लोंबत्या दोऱ्या आधी कापून कडा साफ करतात, मग आसूने (जाळे विणायच्या सुईने) नवा दोरा घालून शेजारच्या आसांच्याच (जाळ्याच्या घरांच्याच) मापाची आस विणतात. आस लहान पडली तर ओढ तिच्यावर येते आणि जाळे तिच्या शेजारी फाटते. म्हणजे दुरुस्त करणाऱ्याने माप आपल्या मनाचे घ्यायचे नाही, त्या जाळ्याचे घ्यायचे. समज देणे आणि निवाडेखोरपणा यांतला फरक त्या क्रियापदातच आहे.

पोदेर:
मुसळ-कुसळाचे काय? मत्तय 7:3 मधली मराठी जोडी इतकी चपखल आहे की म्हण बायबलातून आली की बायबलाने म्हण घेतली, हा वाद आमच्याकडे नेहमी होतो.

मांडवीकाठ:
ग्रीकमध्ये 'कार्फोस' म्हणजे काडी, कसपट, आणि 'दोकोस' म्हणजे छपराची तुळई. मुसळ तिथे नाही. कुसळाशी यमक जुळते म्हणून मुसळ आले, हे उघड आहे. माझ्या मते म्हण आधीची.

कुळागर:
यमकावरून काळ ठरत नाही. भाषांतरकारालाही यमक सुचू शकते. आणि तुळईची जागा मुसळाने घेतल्यावर अर्थ बदलला. तुळई घर पेलते. माणूस ज्या तत्त्वावर उभा आहे तेच त्याच्या डोळ्यात आडवे येते, असा अर्थ तुळईत निघतो, मुसळात निघत नाही.

पेडणेकरीण:
तो अर्थ सुंदर आहे, पण वचनात तो नाही. तिथे आकाराचीच तुलना आहे. आणि पाचव्या वचनात पुढचे काम सांगितले आहे: आधी आपले काढ, म्हणजे भावाच्या डोळ्यातले काढायला तुला स्पष्ट दिसेल. भावाचे कुसळ तसेच राहू दे असे नाही म्हटले. डोळ्यातले कुसळ काढायला उजेड लागतो, स्थिर हात लागतो, आणि ज्याचा डोळा आहे त्याने तो उघडा ठेवावा इतका विश्वास लागतो. विश्वास नसेल तर तो डोळा मिटून घेतो.

बार्देसकर:
मूळ प्रश्नाकडे या. 'निवाडेखोर' की 'नावे ठेवणारा'?

पोदेर:
कोंकणीतला एक शब्द राहिला. शेवटच्या दिवसाच्या न्यायाला आम्ही 'झडती' म्हणतो. ख्रिस्त जिवंतांची आणि मेलेल्यांची झडती घ्यायला येईल. मराठीत आज झडती म्हटले की पोलीस आणि खिसे. 'झडती घेणारा ख्रिस्ती' कसे वाटते?

मांडवीकाठ:
फार चांगले. आणि मराठीतही जुना अर्थ तोच होता. पेशवाईच्या दप्तरात झडती म्हणजे हिशेबाचा कागद, जमाखर्चाचा शेवटचा ताळा. इथे पौलाच्या करिंथकरांस पहिल्या पत्रातले 13:5 जुळते. 'अपकार स्मरत नाही' असे मराठीत आहे, पण ग्रीक 'लोगिझोमाई' हे खातेवहीतले क्रियापद आहे: प्रीती वाईट नोंदून ठेवत नाही. आणि 4:5 मध्ये पौल म्हणतो, प्रभू येईपर्यंत वेळेआधी निवाडा करू नका. झडती त्याची, आणि तीही शेवटी. जजमेंटल माणूस दुसऱ्याचे दप्तर वर्षाच्या मध्येच बंद करतो.

कुळागर:
झडती शब्द छान आहे, पण मराठी वाचकाला पोलीसच दिसतील. दर वेळी पेशवे दप्तर समजावणार का? मग 'दोषैकदृष्टी' समजावायला काय हरकत होती?

पोदेर:
पोलीस दिसले तर बिघडले कुठे? दारावर उभे राहून खिसे चाचपणे, हेच तर चालते.

पेडणेकरीण:
मला जास्त काळजी दुसऱ्या पापाची आहे, खरा दोष सांगत फिरण्याची. त्याला मराठीत वेगळा शब्दच नाही. 'निंदा' खरी की खोटी ते कळत नाही, 'चहाडी' वरिष्ठाकडे असते, 'कुटाळकी' टवाळीकडे जाते. वर्गात 'पण मी खरेच सांगितले' हे उत्तर सर्वांत आधी येईल, आणि शब्द नसेल तर त्याला प्रत्युत्तर देता येणार नाही.

पोदेर:
'चव्हाट्यावर आणणे'. त्यात गोष्ट खरीच असते.

कुळागर:
पण लबाडी चव्हाट्यावर आणणे हे पुण्यही असते. मुलांवरचा अत्याचार झाकणाऱ्याला काय म्हणाल?

पेडणेकरीण:
म्हणूनच ग्रंथात 'योग्य कारणाशिवाय' ही अट आहे. मूल धोक्यात असेल तर कारण आहे, तिथे पोलिसांकडे जायचे, प्रार्थनासभेकडे नाही. शेजारणीचा नवरा आखातात दुसरीबरोबर राहतो, हे सांगण्याला कारण नाही. क्रियापद एकच चालेल, पुढे 'विनाकारण' लावा.

कुळागर:
'विनाकारण चव्हाट्यावर आणणे' हे तीन शब्द झाले. 'दोषप्रकटन' एक आहे.

पोदेर:
तो वर्गात कोण वाचणार, कुळागरबाब?