प्रोस्टेटच्या ऑपरेशननंतर लघवीवर ताबा यायला किती दिवस लागतात? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. माझं वय ६६, राहणार सातारा. रात्री चार-पाच वेळा लघवीला उठावं लागायचं. वयामुळे होत असेल म्हणून वर्षभर अंगावर काढलं. मुलीने हट्टाने रक्त तपासायला लावलं तेव्हा पीएसए (प्रोस्टेटमध्ये काही बिघाड आहे का याचा अंदाज देणारी रक्ततपासणी) १४, म्हणजे वाढलेला निघाला. मग एमआरआय, बायोप्सी (तुकडा काढून तपासणी), त्यात कॅन्सर निघाला, ग्लीसन (कॅन्सर किती आक्रमक आहे ते सांगणारा आकडा) ३+४. कॅन्सर प्रोस्टेटच्या बाहेर गेला नव्हता, म्हणून पुण्यात रोबोटिक ऑपरेशन करून सगळी ग्रंथीच काढली. दहाव्या दिवशी लघवीची नळी निघाली. सहा आठवड्यांनी पीएसए ०.१ च्या खाली आला. तो रिपोर्ट हातात घेऊन मी आणि बायको दोघंही रडलो.

आता अडीच महिने झालेत. झोपेत कोरडा असतो, पण खुर्चीतून उठताना, खोकताना, भाजीची पिशवी उचलताना लघवी सुटते. दिवसाला तीन पॅड लागतात. कीगल व्यायाम (लघवी रोखणारा स्नायू आवळण्याचा) रोज करतो, पण नेमका तोच स्नायू आवळतोय की नुसतं पोट, हे कळत नाही. डॉक्टर म्हणतात, वर्षभरही लागू शकतं, धीर धरा.

ज्यांचं हे ऑपरेशन झालंय त्यांनी कृपया सांगा, तुम्हाला फरक कधी जाणवला? हा व्यायाम समोर बसवून शिकवणारे फिजिओथेरपिस्ट सातारा-कराडकडे आहेत का? पुढच्या महिन्यात भाचीचं लग्न कोल्हापूरला आहे. एसटीने जाताना तुम्ही कसं निभावलंत? मला त्या लग्नाला जायचंच आहे.

बायकोशी जवळिकीबद्दलही विचारायचंय, त्यावर कुणी मेसेजमध्ये बोललं तरी चालेल.