मदत हवी आहे : भाऊ जेलमधून खरूज घेऊन आला, आता घरभर

मंडळी, नाव लपवून लिहितेय, समजून घ्या.

धाकटा भाऊ साडेचार महिने कच्चा कैदी होता, दिवाळीनंतर जामीन झाला. सिडकोत दोन खोल्यांत आम्ही सहा जण. आल्या दिवसापासून दिवा मालवला की याचं खाजवणं सुरू. बोटांच्या बेचक्यात, मनगटावर, करगोट्याच्या जागी बारीक पुळ्या. कंगव्याचे दात फिरवून फिरवून रक्त काढलंय. बराकीत बऱ्याच जणांना होतं म्हणे. अंगाला अंग लावून झोपायचं, पांघरुणं कुणाची कुणाला.

आईने कडुनिंबाच्या पाल्याने आंघोळ घातली. मेडिकलवाल्याने गजकर्णाची ट्यूब दिली, चार दिवस बरं, मग दुप्पट. महिन्याभराने मला, वहिनीला आणि नऊ महिन्यांच्या भाचीलाही सुरू झालं. काल त्वचेच्या डॉक्टरांनी पर्मेथ्रिन ५ टक्के मलम लिहून दिलं : सगळ्यांनी एकाच रात्री, मानेपासून तळपायापर्यंत, आणि आठवड्याने पुन्हा.

प्रश्न गोधड्यांचा आहे. सात आहेत, आणि या थंडीत धुतल्या तर वाळणार कधी? दुसरं, भावाच्या शेजारी झोपणारा पोरगा अजून आतच आहे. त्याला भेटायला कुणीच येत नाही. त्याच्यासाठी कुठे सांगायचं? भाऊ घाबरतो, आपलंच नाव पुढे येईल म्हणून.

प्रतिसाद : गोधड्या धुऊ नका. खरजेचा किडा अंगाबाहेर दोन-तीन दिवसच तगतो. प्लास्टिकच्या गोणीत घट्ट बांधून आठवडाभर ठेवा. कपडे, चादरी, टॉवेल मात्र कडकडीत गरम पाण्यात धुवा. नखं कापा, नखांखालीही मलम लावा, रात्री हात धुतले तर परत लावा. बाळाच्या डोक्याला-चेहऱ्यालाही लावावं लागतं, डोळे-तोंड सोडून; डॉक्टरांना एकदा विचारून घ्या. नंतरही दोन ते चार आठवडे खाज राहते, म्हणून रोज मलम थापत बसू नका.

प्रतिसाद : आतल्या मुलासाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा किंवा १५१०० वर फोन करा. १९८७ च्या कायद्याने कोठडीतल्या माणसाला मोफत वकील मिळतो. तो कोर्टात अर्ज देईल, तुमच्या भावाचं नाव लागत नाही. अर्जात 'सगळ्या बराकीला एकाच वेळी औषध' हे लिहायला सांगा. एकट्याला दिलं तर महिन्यात तोच खेळ.

धागाकर्ती : खूप आभार. सोमवारी जाते. ट्यूबा आणल्या, आज रात्रीच लावणार. पण आई म्हणते मला कुठे खाज आहे, माझी ट्यूब वाया जाईल.

प्रतिसाद : पहिल्यांदा लागण झाली की चार ते सहा आठवडे खाज येत नाही, पण दुसऱ्याला लागते. नातीला मांडीवर घेतात ना त्या? हे सांगा. अंगठ्या-बांगड्यांच्या खालीही लावा.

धागाकर्ती : नातीचं नाव काढल्यावर तयार झाली. पाटल्या मात्र वीस वर्षांत निघालेल्या नाहीत, साबण लावून बसलोय दोघी.