रिसेल फ्लॅटमध्ये लपवलेली ओल निघाली. जुन्या मालकाला धरायचं की बिल्डरला?

नमस्कार मंडळी, कायद्यातलं कळणाऱ्यांनी कृपया मार्ग सुचवा.

मार्चमध्ये रिसेलचा फ्लॅट घेतला. बिल्डरने पहिल्या मालकाला ताबा दिला त्याला आता साडेचार वर्षं झाली. बेडरूममधलं मोठं कपाट "राहू द्या तुम्हाला" म्हणून मालकाने तसंच ठेवलं होतं, आम्हालाही बरं वाटलं. पाऊस सुरू झाला आणि खोलीत कुबट वास यायला लागला. कपाट सरकवलं तर मागे छतापासून खाली हातभर रुंद पट्टा, बाकी भिंतीपेक्षा पांढराशुभ्र. नखाने खरवडल्यावर पुट्टीचा पोपडा हातात आला. आतला गिलावा इतका भुसभुशीत की बोट रुततं. आईला दमा आहे, ती याच खोलीत झोपायची. आता हॉलमध्ये झोपते.

शेजारच्या काकू म्हणाल्या, गेल्या दोन्ही पावसाळ्यांत तिथे गवंडी येऊन गेला. म्हणजे मालकाला सगळं माहीत होतं. याचाच जास्त त्रास होतो.

मालक म्हणतो, "घर बघूनच घेतलंत ना." बिल्डरच्या ऑफिसात उत्तर मिळालं, "आमचा करार तुमच्याशी नाही."

मी वाचलं ते असं. मालमत्ता हस्तांतरण कायदा, १८८२ च्या कलम ५५ नुसार विकणाऱ्याला ठाऊक असलेला आणि घेणाऱ्याला साधारण काळजी घेऊनही न दिसणारा मोठा दोष सांगणं विकणाऱ्यावर बंधनकारक आहे. कपाटामागची भिंत यात बसावी. रेरा म्हणजे स्थावर मालमत्ता (नियमन आणि विकास) कायदा, २०१६ च्या कलम १४(३) प्रमाणे ताब्यापासून ५ वर्षांत बांधकामातला दोष कळवला तर बिल्डरने तो ३० दिवसांत विनाखर्च दुरुस्त करायचा, नाहीतर भरपाई द्यायची. शिवाय त्याच कायद्याच्या कलम २ मधल्या 'अलॉटी'च्या, म्हणजे घर मिळालेल्या ग्राहकाच्या, व्याख्येत नंतर विकत घेणाराही येतो, त्यामुळे बिल्डरचं उत्तर मला पटत नाही. ५ वर्षं पहिल्या ताब्यापासूनच धरून चाललोय, म्हणजे हातात सहाच महिने आहेत. बिल्डरला लेखी नोटीस या आठवड्यात स्पीड पोस्टाने पाठवतोय.

अडलंय ते इथे: मुदतीत नोटीस पोचली की पुरे, की महारेराकडे (राज्याच्या रेरा प्राधिकरणाकडे) तक्रारही त्याच मुदतीत दाखल व्हायला हवी? मालकावर दावा आणि बिल्डरविरुद्ध तक्रार एकाच वेळी चालवली तर दोघं एकमेकांकडे बोट दाखवून सुटतील का? मालकाने बिल्डरला आधी काही लिहून कळवलं असेल तर ते कागद त्याच्याकडून कसे मिळवायचे?

आणि सगळ्यात निकडीचं. स्ट्रक्चरल इंजिनिअरचा अहवाल, तारखेसह फोटो आणि गिलाव्याचा तुकडा जपून ठेवून भिंत आत्ताच दुरुस्त करून घेतली तर पुरावा कमकुवत होईल का? निकाल लागेपर्यंत आईला हॉलमध्ये ठेवणं मला जमणार नाही. कुणी यातून गेलं असेल तर तुम्ही आधी काय केलंत ते जरूर लिहा.