सल्ला हवा: बोटांच्या सरावासाठी घरी काय घ्यावं? (प्रस्तरारोहण, सातारा)

माहुलीकर
नमस्कार मंडळी. प्रस्तरारोहण सुरू करून दीड वर्ष झालंय. कातळाला हात लागतो तो फक्त रविवारी, आणि जून ते सप्टेंबर तेही बंद. वजन ६४ किलो. बजेट ८ हजार. हँगबोर्ड (बोटांनी लटकायची खाचांची फळी), पुलअप बार की प्लायची छोटी भिंत? घर भाड्याचं आहे, मालक भिंतीला भोक पाडू देणार नाहीत. मुलगा १४ वर्षांचा आहे, तोही वापरेल.

घाटवाट
भिंतीचा विचार सोडा. ८ बाय ४ च्या दोन प्लाय, मागचा सांगाडा, टी-नट (होल्ड कसायचे नट), होल्ड (हातापायाने धरायचे तुकडे), खाली जाड गादी, हे ८ हजारांत बसत नाही आणि घर बदललं की सगळं उचकटावं लागतं.

दारातल्या पुलअप बारचे दोन प्रकार मिळतात. अडकवायचा बार चौकटीभोवती पुढे आलेल्या लाकडी पट्टीवर टेकतो. आपल्याकडे चौकट आणि गिलावा बहुधा एकाच पातळीत असतात, त्यामुळे त्याला टेकायला जागाच नसते. दुसरा, पिळून ताणायचा, निव्वळ घर्षणावर उभा राहतो. ऑइलपेंट मारलेल्या चौकटीवर तो थोडा थोडा सरकत जातो. खालच्या बाजूने पेन्सिलची खूण करून ठेवा, सरकला तर तिथेच दिसेल.

माझं मत: आधी उचलायचा ब्लॉक. लाकडाचा एक ठोकळा, त्याला २० मिमी खोल कड, खाली दोरी, दोरीला वजन. भिंतीचा संबंधच नाही.

माहुलीकर
ठोकळा सुताराकडून करून घेता येईल? माप सांगाल का?

घाटवाट
नक्की. रुंदी १२ सेंमी, चार बोटं आरामात बसतात. कडेची खोली २० मिमी, पण सुताराला आवर्जून सांगा की पुढची धार गोल हवी, साधारण ८ ते १० मिमी त्रिज्येची. काटकोनी धार राहिली तर बोटाची ताकद संपायच्या आधी कातडी संपते. लाकूड बीच घ्या. सागात मूळचं तेल असतं, पकड निसटते. १२० आणि मग २२० चा पॉलिश पेपर, बस्स. वॉर्निश, पॉलिश, टचवूड काहीही नको.

दोरी ६ मिमीची, मधोमध ओवलेली. भोक बाजूला गेलं तर ठोकळा तिरका होतो आणि सगळा भार करंगळीवर नाहीतर तर्जनीवर येतो.

सराव: हात सरळ, बोटं हाफ क्रिम्पमध्ये, म्हणजे मधलं पेर काटकोनात आणि अंगठा बाजूला. वजन जमिनीपासून चार बोटं उंच उचलायचं, १० सेकंद धरायचं, ३ मिनिटं विश्रांती. प्रत्येक हाताचे ५ सेट, आठवड्यातून दोनदा, मध्ये किमान ४८ तास. १० सेकंदांनंतर आणखी ३ सेकंद धरता आलं असतं असं वाटेल, तेच वजन बरोबर. पुढे एकेक किलो वाढवा. झटका देऊन उचलू नका, पुली (बोटातली कंडरा हाडाशी धरून ठेवणारा पट्टा) बहुधा झटक्यानेच फाटते. सुरुवातीला जिमच्या प्लेटा घ्यायची गरज नाही. पाण्याचा २० लिटरचा जार म्हणजे २० किलो, कमी हवं तर पाणी काढा.

कृष्णाकाठ (सांगली)
त्यात एक भर. पोती मोजायचा लटकता डिजिटल काटा घ्या, आमच्याकडे हळद-बेदाण्याच्या व्यापाऱ्यांकडे असतो तसला. जाड फळीतून दोरी ओवायची, फळीवर उभं राहायचं, दोरी आणि ठोकळ्याच्या मध्ये काटा. मग वजन लागतच नाही, ओढाल तेवढे किलो दिसतात. डावा-उजवा फरक पहिल्याच दिवशी कळतो.

घाटवाट
मोजायला उत्तम, पण सराव वजनावरच करा. काट्याकडे बघत माणूस शेवटच्या क्षणी जोर लावतो, म्हणजे पुन्हा झटका.

रानजाई
दादा, मुलाबद्दल कुणीच बोललं नाही, ते आधी बोलायला हवं होतं. १४ व्या वर्षी बोटांच्या हाडांची वाढ चालू असते. वाढीची चकती हाडापेक्षा कच्ची, आणि क्रिम्पचा भार नेमका मधल्या सांध्याशी तिच्यावर येतो. तिथे फ्रॅक्चर होतं आणि वरून फारसं काही दिसत नाही. त्याला ब्लॉक नको, बोर्डही नको. पुलअप, पुशअप, पायांचं तंत्र, भरपूर चढाई. मधला सांधा आठवडाभर दुखत असेल तर चढणं थांबवून हाडांच्या डॉक्टरांना दाखवा.

तुमच्यासाठी: अनामिकेच्या मुळाशी 'टक्' आवाज आला आणि तिथे दाबल्यावर दुखलं, तर ए-२ पुलीला, म्हणजे बोटाच्या मुळाजवळच्या पट्ट्याला, इजा झाली समजा. त्या दिवशी टेप गुंडाळून पुढे चालू ठेवायचं नाही.

घामासाठी हाताला लावायचा चॉक म्हणजे मॅग्नेशियम कार्बोनेट. फळ्यावरचा खडू चालत नाही.

माहुलीकर
मुलाचं लक्षात घेतलं, ताई. मनापासून आभार. एक राहिलं: हॉलच्या तुळईला झोपाळ्याच्या दोन कड्या आहेत, झोपाळा नाही. त्यांना बोर्ड टांगता येईल?

घाटवाट
वा, मग प्रश्नच मिटला! पोर्टेबल हँगबोर्ड घ्या, लाकडीच. पावसाळ्यात रेझिनच्या बोर्डवर ओल तशीच राहते, लाकूड थोडी शोषून घेतं. पंख्याच्या हुकाला मात्र टांगू नका, शेजारून वायर जाते.

आधी कड्या तपासा. झोपाळ्याची साखळी जिथे घासते तिथे आतून नख फिरवा. खाच लागली, कडी गोल न राहता चपटी झालेली असली, तर ती वापरू नका. तुळई लाकडी असेल तर मुळाशी पीठ पडतंय का, भुंगा लागलाय का पाहा. दोन्ही ठीक असतील तर दोघांनी मिळून दोरीला लोंबकळा, मग बोर्ड लावा. दोरी ८ मिमी, कडी आणि दोरीच्या मध्ये स्टीलचं कॅराबिनर (उघड-बंद होणारी कडी), नाहीतर गंजलेली कडी दोरी कापते. दोन्ही दोऱ्या एकाच मापाच्या हव्यात, अर्ध्या इंचाचा फरक पडला तरी बोर्ड एका बाजूला कलतो.

कृष्णाकाठ (सांगली)
पहिले काही महिने पाय खुर्चीवर टेकवून लटका. ६४ किलो एकदम बोटांवर घेऊ नका. खुर्ची प्लास्टिकची नको, पायाखालून घसरते.